मणक्यातला पाटकरी

माझ्या बायकोनं माझ्याजवळ येऊ नये, असा सल्ला यंत्रानं दिला तेव्हा मी तिच्याच हातची पेज पीत होतो. ती खाटेच्या कडेला कशीबशी टेकली होती आणि चमचा माझ्या तोंडाशी आला होता. तेवढ्यात उशापाशी लावलेल्या पडद्यावरची रेघ एकदम वर चढली, टिंग टिंग वाजायला लागलं आणि सरकारी पत्रात शोभेल अशा मराठीत अक्षरं उमटली : ‘या भेटीमुळे रुग्णाच्या मणक्यातील द्रवाचा दाब वारंवार वाढत आहे. सदर व्यक्तीची भेट शक्यतो टाळावी.’

सदर व्यक्तीनं चमचा वाटीत ठेवला. आधी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“म्हंजी मी?” शालन म्हणाली.

मी तोंड उघडलं, पण बोलायचं काय तेच डोक्यातून गेलं. त्या दिवसांत तसं फार व्हायचं. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि तिथून माघारी फिरायचा. ती उठली, भिंतीपर्यंत मागं गेली, आणि ती मागं गेल्याबरोबर रेघ शहाण्यासारखी खाली उतरली. मला माझ्याच रेघेची लाज वाटली.

मी जालिंदर नलवडे. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून जन्म काढला. कालवा कुठं पाझरतो, कुठं भरावाला भोक पडलंय, कुणी रात्रीत चोरून पाइप घातलाय, हे बघत सायकलीवरून आणि नंतर मोटारसायकलीवरून फिरायचं. सगळी नोकरी दुसऱ्यांच्या गळत्या बुजवण्यात गेली आणि निवृत्त झाल्यावर गळती लागली ती माझ्याच मानेत. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

त्याचं असं झालं. गेल्या वर्षापासून माझ्या हातांना शर्टाची गुंडी सापडेना. चप्पल पायातून निसटायची आणि मागं राहिलेली चप्पल दुसरंच कुणीतरी आणून द्यायचं. मी म्हणत होतो, हाडवैद्याकडं जाऊ, तेल चोळू. शालन म्हणत होती, मिरजेला जाऊ, ऑपरेशन करू. मी नाही म्हटलं, तिनं अबोला धरला, आणि तिचा अबोला म्हणजे घरात भांडी बोलतात. शेवटी कंटाळून मी हो म्हटलं. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी शुद्धीवर आल्यावर सांगितलं, “मज्जारज्जूवरचा दाब गेला, पण...” हे सगळं त्या ‘पण’पासून सुरू झालं.

डॉक्टर नाझनीन मुजावर वयानं माझ्या लेकीएवढ्या. माझी नोकरी ऐकून त्यांनी मला माझ्याच भाषेत समजावलं.

“काका, आपला मेंदू आणि मज्जारज्जू पाण्यात तरंगतात. कवटीपासून कमरेपर्यंत एक लांब पातळ पिशवी आहे, तिच्यात हे पाणी खेळतं. दिवसाला अर्धा लिटर नवं तयार होतं आणि तेवढंच जिरतं. तुमच्या मानेत मणक्यांच्या मागचा एक अस्थिबंध हाडासारखा कडक झाला होता आणि मज्जारज्जूला दाबत होता. मी तो गळ्याच्या बाजूनं आत जाऊन काढला. पण तो त्या पिशवीला चिकटून एकजीव झालेला. तो निघाला आणि पिशवीला भोक पडलं.”

“कालवा फुटला म्हणा की,” मी म्हटलं.

“फुटला नाही. पाझरतोय. पण पाझरही वाईटच. पाणी गळ्यात साठतं, श्वासनलिकेवर दाब येतो. जंतू आत गेले तर मेंदूपर्यंत जातात.”

पूर्वीच्या काळी अशा वेळी गोंद लावून, ठिगळ टाकून, मान उंच ठेवून देवाचं नाव घेत बसायचे. आता सुधारणा झाली आहे. माझ्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेलं जिवंत ठिगळ त्या भोकावर बसवलं होतं आणि त्या ठिगळात केसाहून बारीक तंतू होते. ते पाण्याचा दाब क्षणाक्षणाला सांगत. कमरेत एक बारीक नळी होती, तिला तळहाताएवढा पंप जोडलेला. मानेत दाब वाढला की पंप कमरेतून चार थेंब काढून घेई, दाब उतरला की थांबे. ठिगळानं मूळ धरेपर्यंत दाब वाढू द्यायचा नाही, एवढंच त्याचं काम. आमच्याकडं कालव्यावर पाटकरी असतो, दारं उघडझाप करून शेतांना पाळीनं पाणी सोडणारा. मी त्या पंपाला पाटकरी म्हणायला लागलो आणि वॉर्डभर तेच नाव पडलं.

पण पाटकऱ्याच्या हातून पाणी जास्त सुटलं तरी पंचाईत. आतलं पाणी कमी झालं की मेंदू आपल्या जागेवरून किंचित खाली ओढला जातो. डोकं ठणकतं, एकाचे दोन दिसतात आणि विचारांचा गुंता होतो. आणि शालन आली की नेमकं तेच व्हायचं. ती जवळ आली की दाब चढायचा, पाटकरी घाईघाईनं पाणी काढायचा आणि थोड्या वेळानं मला दोन शालन दिसायच्या. कुठलीशी बोलावं ते कळायचं नाही. एकदा मी तिला आक्का म्हणालो. एकदा तिला विचारलं, “कालव्याचं दार कुणी उघडं ठेवलं?” ती म्हणाली, “मी न्हाई बाई,” आणि पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

ही नवी यंत्रं नुसता दाब मोजत नाहीत, शिकतातही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या गळ्यात एक बिल्ला असतो. कोण आल्यावर दाबाचं काय होतं ते यंत्र जुळवून बघतं. खोकला, जोरात हसणं, भांडण, सगळ्यांनी दाब वाढतो, म्हणून ही सोय. इथपर्यंत ठीक होतं. पण कुणा शहाण्यानं त्याला जोडून नातेवाइकांच्या फोनवर प्रत्येकाच्या नावापुढं एक ठिपका द्यायला सुरुवात केली. हिरवा म्हणजे या, पिवळा म्हणजे बेतानं या, लाल म्हणजे येऊ नका. आणि आमच्या गोतावळ्यात फोन कुणाकडं नाही? कॅनडातल्या आमच्या लेकीपासून पलूसच्या चुलतसासऱ्यापर्यंत सगळ्यांना सगळ्यांचे ठिपके दिसायचे.

ज्याच्याशी बांधावरून मी आठ वर्षं कोर्टात भांडलो तो चुलतभाऊ येऊन गेला. हिरवा! विमा विकणारा एक जण चुकून माझ्या खाटेपाशी आला. हिरवा! माझी थोरली बहीण सिंधूआक्का, आई गेल्यावर जिनं मला वाढवलं आणि जिच्यापुढं मी अजून चड्डीतलाच आहे, ती तासभर बसून मला बोलली. जेवत नाहीस, ऐकत नाहीस, सगळं मनासारखं करतोस. रेघ सपाट. गडद हिरवा ठिपका.

आणि शालनपुढं लाल.

आक्का मनानं वाईट नाही, पण तिला मोठेपणाची हौस आहे. तिनं फोन माझ्यापुढं धरला. “बघ जालू. यंत्राला काय कुणाची भीड आसती? शालनचं येणं तुला सोसत न्हाई.”

“आक्का, तसं न्हाई गं.”

“मग कसं?”

कसं ते मलाच कळत नव्हतं. खोटं कशाला बोलू, मी मनात शोधायला लागलो. ऑपरेशनला भरीस घालणारी शालन. माझ्या तोंडानं मी तिला कधी दोष दिला नव्हता, पण मनात कुठंतरी दिला असेल का? माणूस जन्मभर एका बाईबरोबर राहतो, तिच्यावर जीव आहे असं धरून चालतो आणि शेवटी कमरेतलं पाणी वेगळंच सांगतं, असं असू शकतं का? सकाळपासून मी तिची वाट बघायचो. ती यावी असं मला वाटायचं आणि माझ्या पाठीतलं पाणी म्हणायचं, नको. दोघांतला मी कोणता?

मी डॉक्टर मुजावरांना एकदा विचारलं. सरळच विचारलं, लाज सोडून. “बाई, माणसाला एखाद्याचा राग असला आणि त्याचा त्यालाच पत्ता नसला, असं असतं का?”

त्या पडद्याकडं बघत होत्या. वळल्या. “असू शकतं. पण या रेघेवरून ते कळत नाही, काका. यंत्र एवढंच सांगतं की कशाबरोबर काय होतं. का होतं ते त्याला माहीत नाही. खरं सांगायचं तर मलाही अजून नाही.”

“मग त्यानं सल्ला कशाला द्यावा?”

“कारण चढ खरा आहे.” त्यांनी पडद्यावर ठिगळाचं चित्र दाखवलं. “ही कड बघा. इथं ते सैल झालंय. असेच चढ येत राहिले तर ठिगळ उचललं जाईल. मग मला परत गळ्यातून आत जावं लागेल, आणि दुसऱ्या खेपेला मज्जारज्जूला धक्का लागायची भीती जास्त. तुमचे पाय आत्ताच कसेबसे जागे होतायत. दोनेक आठवडे शांततेत गेले पाहिजेत. मग नळी काढू.”

ऑपरेशन झाल्यापासून माझे पाय हलत नव्हते; ते जागे होतायत हे त्या मला बरं वाटावं म्हणून बोलल्या असाव्यात. पायांचा व्यायाम घेणारी मुलगी रोज येऊन म्हणायची, “काका, टाच गादीत दाबा,” आणि मी जीव तोडून दाबायचो आणि टाच आपली मुंबईच्या पाहुण्यासारखी निवांत पडून राहायची.

वॉर्डात सॅमसन साळवे नावाचा ब्रदर होता, मिरजेचाच, उत्साही गडी. त्याला हे कोडं स्वस्थ बसू देईना. त्यानं नाना प्रयोग केले. शालनला फोनवर बोलायला लावलं. रेघ सपाट. तिचा चेहरा पडद्यावर दाखवला. सपाट. तिला दारात उभं केलं. सपाट. खाटेजवळ आणून कडेला बसवलं की चढलीच.

“काकी काही अत्तर लावतात का?” त्यानं विचारलं.

“ह्या वयात?” शालन म्हणाली. तरी दुसऱ्या दिवशी ती केसांना तेलही न लावता आली. रेघ चढली.

मग एक दिवस उलटंच झालं. तिला विट्याची एसटी गाठायची होती, भावाकडं काहीतरी काम होतं. आली ती उभ्या उभ्याच, डबा कपाटावर ठेवला, माझ्या कपाळाला हात लावला आणि निघाली. रेघ जागची हलली नाही. साळवेनं डोकं खाजवलं. आक्का तिथंच खुर्चीत बसली होती, ती म्हणाली, “बघा. शालनला जायची घाई आसली की ह्याचा दाब कसा झ्याक ऱ्हातो.”

शालननं ते ऐकलं. दारातून वळून माझ्याकडं बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. आक्काला म्हणायला हवं होतं, गप बस. पण मीच गोंधळात होतो. आक्का खोटं बोलतेय असं छातीवर हात ठेवून सांगता येईना, आणि सांगितलं असतं तरी रेघ माझ्या डोक्यावर लटकलेली होतीच. शालन गेली.

त्यानंतर ती दारापर्यंत यायची. दारातूनच विचारायची, “जेवला का?” मी दारातल्या बाईला सांगायचो, “जेवलो.” रेघ सपाट, ठिगळ खूश, डॉक्टरीणबाई खूश. मी मात्र भिंतीकडं तोंड करून पडायचो. म्हणजे मनातल्या मनात, कारण मान वळवायची बंदी होती.

घरी कुठं सोडायचं याचा विचार सुरू झाला तेव्हा आक्कानं आधीच सगळं ठरवून टाकलं होतं. कराडला तिच्या घरी. तळमजला, मोठं न्हाणीघर, दवाखाना जवळ. पंप घरीही काही दिवस चालू राहणार होता, आणि घरात हिरवी माणसंच पाहिजेत, असं तिचं म्हणणं. कॅनडाहून लेकही फोनवर म्हणाली, “बाबा, थोडे दिवस आत्याकडे राहा ना. आईलाही आराम मिळेल.” तिनंही ठिपका पाहिला होता. म्हणाली नाही, पण पाहिला होता.

शालन निरोप घ्यायला आली तेव्हा दुपारची वेळ होती. हातात कापडी पिशवी, अंगावर प्रवासाचं लुगडं. दारातच उभी राहिली.

“विट्याला दादाकडं जाते,” ती म्हणाली. “तुम्ही कराडात चांगलं बरं व्हा. मग बघू.”

“मग बघू म्हंजी?”

“म्हंजी मग बघू.” तिचा आवाज बारीक झाला. “मीच तुमास्नी ऑपरेशनला भरीला घातलं. तुमचा राग आसंल तर आसू दे. मला राग न्हाई आला. यंत्राला कळलं ते मला आधी कळाय पायजे हुतं.”

मला भीती वाटली. ऑपरेशनच्या टेबलावर घेताना वाटली नव्हती एवढी. ही आता गेली तर आमच्या दोघांमध्ये तो लाल ठिपका कायमचा राहणार. आम्ही परत एका घरात राहू, ती मला भाकरी वाढील, मी खाईन, आणि दोघंही मनातून त्या रेघेकडं बघत बसू.

“जवळ ये,” मी म्हटलं.

“नको. वाजंल ते.”

“वाजू दे. शालन, मला काय कळंना बघ. मला तुझा राग न्हाई. आसला तर मला ठाऊक न्हाई. पण तू अशी दारातनं जाऊ नको.”

साळवे पंपापाशी उभा होता. त्यानं मान डोलावली आणि पाटकऱ्याच्या दारावर बोट ठेवलं, म्हणजे पाणी एकदम जास्त सुटू नये. शालन आली. पिशवी खाली ठेवली, नेहमीसारखी माझ्या डाव्या बाजूला आली आणि कडेला टेकायला वाकली. रेघ चढली. टिंग टिंग सुरू झालं. मी डोळे मिटून घेतले. आता ती उठणार, जाणार.

ती उठली नाही.

“अहो,” ती म्हणाली, “सरकताय कशाला?”

“कोण सरकतंय?”

“तुम्ही.”

“मी कुठं? मला सरकता येत आसतं तर काय पायजे हुतं!”

साळवेनं माझ्या पायावरची चादर वर केली. माझी डावी टाच गादीत रुतली होती. रोज व्यायाम घेणाऱ्या त्या मुलीला जी टाच दाद देत नव्हती, ती गादीत घट्ट रुतून मला उजवीकडं ढकलत होती. मी बोटभर सरकलोही होतो.

“काका, हलू नका!” साळवे ओरडला आणि डॉक्टरांना बोलवायला त्यानं बटण दाबलं.

पुढचा वेळ वाईट गेला. डॉक्टर मुजावर आल्या, गळा चाचपला, सूज आहे का पाहिलं, मला तसाच चित्रं काढायच्या यंत्राखाली नेलं. शालन बाहेर भिंतीला टेकून बसली होती. तिला वाटत होतं, आपण जवळ गेलो आणि ठिगळ फाटलं. मला वाटत होतं, फाटलं तर फाटलं, पण ती टाच हलली हे आधी कुणीतरी तिला सांगा. ठिगळ फाटलं नव्हतं. सैल कड होती तशीच होती.

मला परत खाटेवर आणल्यावर डॉक्टरांनी आपला तळवा माझ्या पोटावर ठेवला आणि शालनला म्हणाल्या, “काकी, उजवीकडून या.” ती आली. काही नाही. “आता डावीकडून. बसायला आल्यासारखं करा, पण बसू नका.” ती डावीकडून आली, किंचित वाकली, आणि मला जे जन्मात कळलं नव्हतं ते डॉक्टरांच्या तळव्याला कळलं. “आवळलं,” त्या म्हणाल्या. “पोट आवळलं, श्वास अडला.” मग त्या हसल्या, डॉक्टरसारख्या नाही, लेकीसारख्या. “काका, तुम्ही यांना जागा करून देताय.”

वजन उचलताना किंवा सरकताना आपण नकळत पोट आवळतो, श्वास धरतो. पोटातला दाब मणक्याच्या आतल्या शिरांमध्ये जातो, शिरा फुगतात आणि ती पाण्याची पिशवी दाबली जाते. एवढे दिवस माझे पाय हलत नव्हते, म्हणून सरकणं कुणाला दिसत नव्हतं. पण सरकायचा प्रयत्न पोट करतच होतं. खुर्चीत बसणाऱ्यासाठी नाही, उभ्या राहणाऱ्यासाठी नाही, विमेवाल्यासाठी तर नाहीच. ती कडेला अर्धीमुर्धी टेकली की तिला नीट बसता येईना म्हणून माझं अंग पुन्हा पुन्हा धडपडत होतं. आणि यंत्रानं त्याला ताण असं नाव दिलं. यंत्राचा तरी काय दोष, मलाच ठाऊक नव्हतं.

लग्नानंतर आम्ही कालव्यावरच्या चौकीत राहायला गेलो. एक खोली, एक लोखंडी खाट, खात्याची, एका माणसाच्या मापाची. कालव्याकाठी साप-विंचू, खाली अंथरूण घालायची सोय नव्हती. खाटेच्या उजवीकडं भिंत. शालन सगळं आवरून निजायला यायची तोवर मला झोप लागलेली असायची. ती डावीकडून यायची आणि मी झोपेतच भिंतीला चिकटायचो. पुढं बदल्या झाल्या, क्वार्टर मिळालं, घर बांधलं, दोघांना पुरून उरेल असा पलंग आला. अंगाला ते कुणी कळवलंच नाही.

“मला वाटायचं तुम्ही झोपेत लोळता,” शालन म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती, पदरानं नक्की काय पुसावं ते तिला कळत नव्हतं. “किती येळा म्हनलं आसंल, काय मेलं सारखं भिताडाला जाऊन चिकटायचं.”

“मग तू सांगायचं न्हाईस का?”

“काय सांगू? मला तरी कुठं ठाऊक?”

संध्याकाळी आक्का आली. साळवेनं तिला सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत राहिली, मग फोन काढून आपला हिरवा ठिपका बघितला. बराच वेळ बघितला.

“म्हंजी माझ्यासाठी तू कधी सरकला न्हाईस व्हय रं?” ती म्हणाली.

मी तिला म्हटलं, “तू खुर्चीत बसतीस की आक्का.” तिनं हूं केलं आणि मोसंबी सोलायला घेतली. पण कराडचा विषय तिनं परत काढला नाही, आणि जाताना शालनच्या पाठीवरून हात फिरवून गेली.

उपाय डॉक्टर मुजावरांनी सांगितला तो इतका साधा होता की मला वाटलं गंमत करतायत. मला खाटेच्या उजव्या कडेला नेऊन ठेवायचं, बाजूला उशा लावायच्या आणि डावीकडं हातभर जागा आधीच मोकळी सोडायची. जागा केलेलीच आहे म्हटल्यावर अंग कशाला धडपडेल? साळवेनं आणि त्याच्या जोडीदारानं मला अलगद उचलून कडेला ठेवलं. मी त्या मोकळ्या जागेकडं डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघत राहिलो. शालनची पिशवी अजून भिंतीपाशी तशीच होती. विट्याची एसटी गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेज घेऊन आली. डावीकडून आली, मोकळ्या जागेत बसली, पहिल्यांदाच ऐसपैस, मांडी घालून. साळवे पडद्याला नाक लावून उभा. मीही बघत होतो. रेघ जागची हलली नाही.

“सपाट!” साळवे म्हणाला. “काकी, तुम्ही हिरव्या झाला!”

शालनला हायसं वाटलं. मलाही वाटायला हवं होतं. पण त्या सपाट रेघेकडं बघताना मला काय झालं कोण जाणे, मला रेघेचाच राग आला. चुलतभावाला सपाट, विमेवाल्याला सपाट आणि आता शालनलाही सपाट. इतके दिवस सगळ्या जगात हिच्या एकटीसाठी ती चढत होती आणि मी तिला शिव्या देत होतो. आता ती गप्प झाली तर मला चुकल्यासारखं वाटायला लागलं. माझं मला कळतच नाही, हे एकदा मान्य करून टाकलेलं बरं.

“काय झालं?” तिनं विचारलं. चमचा तोंडाशी आला होता. आणि त्या वेळी समोर एकच शालन होती.

“ही रेघ खोटं बोलती बघ आता,” मी म्हटलं.

तिनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि चमचा पुढं केला.

“बोलू दे,” ती म्हणाली. “ठिगळ धरूस्तवर खोटंच बोलू दे. सरकायचं ते घरी गेल्यावर सरका.”